रडार कुठे बसवायचं: एका शिडाच्या बोटीवरचा वाद

बोट अकरा मीटर लांबीची, एका डोलकाठीची, सुमारे सहा टन वजनाची. मालक आणि मालकीणबाई दोघंच ती चालवतात. सुट्टीत दहा वर्षांची नात सोबत असते. अधूनमधून मालकांचा धाकटा भाऊ येतो, त्याच्या छातीत पेसमेकर आहे. रात्रीच्या प्रवासात मोठ्या जहाजांचा अंदाज यावा आणि धुक्यात सापडलो तर आंधळं व्हायला नको, एवढ्यासाठी त्यांना रडार हवं होतं. ते मिळालंही होतं. दुसऱ्या एका बोटीवरून उतरवलेलं, ४५ सेंटिमीटर व्यासाच्या पांढऱ्या गोल डब्यातलं, मॅग्नेट्रॉनवर (रडारच्या लहरी तयार करणारी नळी) चालणारं २ किलोवॅटचं यंत्र, चालू स्थितीत. अडलं होतं ते जागेवर.

मालकांच्या मनात बोटीच्या मागच्या कोपऱ्यात एक खांब उभारून त्यावर डबा बसवायचं होतं. डोलकाठी उतरवावी लागत नाही, केबल आखूड लागते, पुढे बिघाड झाला तर स्टुलावर उभं राहून दुरुस्ती होते. मालकीणबाईंचा याला ठाम विरोध. सुकाणू बहुतेक वेळ त्यांच्याच हातात असतं आणि खांब येणार होता नेमका त्यांच्या पाठीमागे. "दोन हजार वॅट माझ्या डोक्यामागे गरगरणार आणि मी तिथे तासन् तास उभी राहणार? नातीला कुठे बसवू?" त्यांचं म्हणणं होतं की डबा डोलकाठीवर जाईल तितका उंच न्यावा, नाहीतर रडारच नको.

बोटींवर इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसवायचं काम मी करतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. दोघांचं बोलणं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. भांडत असले तरी एका गृहीतावर त्यांचं एकमत होतं: डबा जितका उंच तितकी माणसं सुरक्षित. मालकांना ते मान्य होतं, फक्त सोयीपुढे ते त्याकडे काणाडोळा करायला तयार होते. हे गृहीत तपासल्याशिवाय जागेचा विचार करण्यात अर्थ नव्हता.

दोन हजार वॅटचं पुढे काय होतं

डब्यावर छापलेला २ किलोवॅट हा आकडा खरा आहे, पण तो क्षणभराचा आहे. असं रडार सतत प्रसारण करत नाही. ते रेडिओ लहरींचा एक अगदी आखूड ठोका सोडतं आणि मग गप्प राहून त्याचं परावर्तन ऐकतं. लांब पल्ल्यावर या जातीच्या यंत्राचा ठोका साधारण ०.८ मायक्रोसेकंदाचा असतो आणि सेकंदाला असे सहाशेच्या आसपास ठोके पडतात. म्हणजे अख्ख्या सेकंदात प्रसारण चालतं जेमतेम अर्धा मिलिसेकंद. २००० वॅटला तेवढ्या वेळाने गुणलं की सरासरी शक्ती निघते १ वॅट, किंचित कमीच. जवळच्या पल्ल्यावर ठोक्यांची संख्या वाढते, पण ठोका इतका आखूड होतो की सरासरी आणखी खाली येते.

हा १ वॅट मी कागदावर मांडला तेव्हा मालकीणबाईंनी विचारलेला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. तो वॅट चारही दिशांना थोडाच पसरतो, तो झोतात एकवटलेला असतो ना? असतो. या आकाराच्या अँटेनाचा झोत आडवा सुमारे ५ अंश रुंद आणि उभा सुमारे २५ अंश जाड असतो. एवढ्याशा फटीत शक्ती कोंबल्यामुळे झोताच्या ऐन मध्यावर ती साधारण दोनशे पट होते. अँटेना फिरायची थांबली आहे आणि आपण बरोबर तिच्या समोर उभे आहोत, अशी सगळ्यात वाईट स्थिती धरली तर १ मीटरवर दर चौरस मीटरला १६ वॅट, २ मीटरवर ४ वॅट आणि ४ मीटरवर १ वॅट अंगावर पडतो. हे सूत्र लांबच्या अंतरासाठी आहे. डब्याच्या अगदी जवळ झोत अजून नीट बांधला गेलेला नसतो, त्यामुळे तिथे प्रत्यक्ष आकडा या हिशेबापेक्षा कमी निघतो.

पण अँटेना थांबलेली नसते. ती मिनिटाला चोवीस फेऱ्या मारते. म्हणून सरासरी काढायची तर झोताचा विचार सोडून द्यावा आणि डब्याभोवती एक गोल पट्टा कल्पावा. तो १ वॅट या पट्ट्यावर सगळीकडे सारखा वाटला जातो. १ मीटर अंतरावर हा पट्टा सव्वासहा मीटर परिघाचा आणि सुमारे ४४ सेंटिमीटर उंचीचा होतो, म्हणजे क्षेत्रफळ पावणेतीन-तीन चौरस मीटर. दर चौरस मीटरला आले ०.३५ वॅट. २ मीटरवर ०.०९. ६ मीटरवर ०.०१.

हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? आयसीएनआयआरपी ही किरणोत्सर्गाच्या या शाखेतल्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्था आहे. तिच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रडारच्या या वारंवारतेला, म्हणजे ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, सर्वसामान्य लोकांसाठी संपूर्ण शरीरावरची मर्यादा दर चौरस मीटरला १० वॅट आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीने. ही मर्यादा 'इथपर्यंत सहन होतं' या काठावर आखलेली नाही. शरीर तापण्याचा परिणाम जिथे दिसू लागतो त्याच्या पन्नासाव्या भागावर ती ओढली आहे, आणि ती लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांना धरूनच आहे. रडारच्या कामातच ज्यांचा दिवस जातो, अशा प्रशिक्षित माणसांसाठी ती पाचपट सैल आहे.

उत्पादकांनाही हे लपवता येत नाही. जहाजी उपकरणांच्या आयईसी ६०९४५ या मानकाप्रमाणे रडारच्या पुस्तिकेत दोन अंतरं द्यावी लागतात: थांबलेल्या अँटेनापासून कुठवर १०० वॅटची तीव्रता असते आणि कुठवर १० वॅटची. लहान डब्यांच्या बाबतीत ही अंतरं मीटर-दोन मीटरच्या आतली असतात. जुनं रडार घेताना पुस्तिका मागून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो ते याच पानासाठी. या यंत्राची पुस्तिका मिळाली होती. अँटेना फिरायची थांबली तर प्रसारण आपोआप तुटतं, हेही तिच्यात नोंदवलेलं होतं.

झोतात नेमकं कोण येतं

मग आम्ही बोटीची बाजूने दिसणारी आकृती कागदावर काढली, मोजमापाने. खांब मागच्या डाव्या कोपऱ्यात, डब्याचा मध्य डेकपासून २.९ मीटर वर. सुकाणूचं चाक खांबाच्या पुढे दीड मीटर. कॉकपिटची, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेची, जमीन डेकच्या ४० सेंटिमीटर खाली. मालकीणबाई उभ्या राहिल्या तरी त्यांचं डोकं डेकपासून १.३५ मीटरच्या आतच, म्हणजे डब्याच्या दीड मीटर खाली आणि दीड मीटर पुढे. डब्यापासून डोक्याकडे रेघ ओढली तर ती ४५ अंशांनी खाली उतरते. झोताचा मुख्य भाग क्षितिजाच्या खाली फक्त साडेबारा अंश जातो. सुकाणूवरचा माणूस झोतात नाहीच. जो काही उत्सर्ग त्याच्यापर्यंत पोहोचतो तो कडेच्या गळतीचा.

झोतात कोण येतं ते आकृतीवरून त्यांच्याच लक्षात आलं. डोलकाठीपाशी केबिनच्या छतावर उभं राहून शीड चढवणारा माणूस. खांबापासून ६ मीटर पुढे, डोकं डब्याच्या फक्त ६५ सेंटिमीटर खाली, कोन ६ अंश. म्हणजे मालक स्वतः. त्यांच्यावर सरासरी ०.०१ वॅट, मर्यादेच्या हजाराव्या भागाइतका. अँटेना त्यांच्यावर रोखून थांबली असं धरलं तरी अर्ध्या वॅटच्या आत.

यानंतर दुसरी आकृती काढली: डबा डोलकाठीवर, पुढच्या बाजूला, पाण्यापासून आठ मीटरवर. डेकवर कुणीच झोतात नाही. पण शिडाच्या बोटीवर डोलकाठीवर चढावं लागतं. दिवा जातो, दोर अडकतो, वाऱ्याचा मापक बंद पडतो. दोराच्या खुर्चीत बसून वर जाणारा माणूस त्या डब्याच्या समोरून जातो, हातभर अंतरावरून, आणि कधी कधी त्यालाच धरून स्वतःला सावरतो. खाली केबिनमध्ये कुणीतरी त्याच वेळी पडद्यावर प्रसारण सुरू करतं. हल्लीच्या बोटींवर तर सुकाणूपाशी असलेल्या पडद्यावरून एका बोटाने हे होतं, आणि ते करणाऱ्याला वर कोण आहे याची आठवण असतेच असं नाही. संपूर्ण बोटीवर १० वॅटची मर्यादा खरोखर ओलांडली जाऊ शकते अशी जागा एकच आहे, डब्याच्या ऐन समोर मीटरभराच्या आसपासची, तीही अँटेना थांबलेली असताना. उंचावरचा डबा माणसाला तिथे घेऊन जातो. खांबावरचा डबा नाही.

हे वाचून कुणी डोलकाठीवरची रडारं काढायला निघू नये. तिथेही धोका लहान आहे आणि उपाय सोपा आहे: कुणी वर जाणार असेल तर रडारचा ब्रेकर पाडायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायची. पडद्यावरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. डोळ्यांची काळजी इथे विशेष घ्यायची, कारण डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि त्याची उष्णता वाहून नेणारं तिथे काही नसतं. मुद्दा इतकाच की 'उंच म्हणजे सुरक्षित' हे सूत्र शिडाच्या बोटीला लागू पडत नाही.

कर्करोगाचा प्रश्न

आकडे पटले तरी एक भीती उरतेच, आणि ती आकड्यांनी जात नाही. मालकीणबाईंनी कुठेतरी वाचलं होतं की लष्करातल्या रडार दुरुस्त करणाऱ्यांना कर्करोग झाले. वाचलेलं चुकीचं नव्हतं. जर्मनीत लष्करी रडारवर काम केलेल्या लोकांच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांचा आयोग नेमला गेला होता आणि त्याने २००३ साली अहवाल दिला. पण त्या प्रकरणात मुख्य आरोपी रडारच्या लहरी नव्हत्या. त्या काळच्या मोठ्या रडारमधल्या उच्च विद्युतदाबाच्या नळ्यांमधून क्ष-किरण बाहेर पडत होते आणि मंडळी झाकणं उघडी ठेवून त्यांच्यासमोर काम करत होती. क्ष-किरण रेणूंचे बंध तोडतात. ९.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणात त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा लाखावा भागही नसतो. ती लहर तापवू शकते, आणि तेही त्वचेच्या वरच्या काही मिलिमीटरपुरतं. लहान बोटीच्या मॅग्नेट्रॉनला काही हजार व्होल्टच लागतात. तेवढ्या दाबावर जे क्षीण क्ष-किरण निर्माण होतील ते त्याच्या धातूच्या कवचातून बाहेर येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना 'कदाचित कर्ककारक' या २-बी गटात टाकलं, हेही मी त्यांना सांगितलं. लपवून उपयोग नसतो. माणूस घरी जाऊन शोधतो आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. तो निर्णय मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलच्या अभ्यासांवर आधारलेला होता, आणि पुरावा मर्यादित आहे असं त्यातच म्हटलेलं आहे.

इथे मी त्यांना त्यांच्याच बोटीवरच्या दोन वस्तू दाखवल्या. पहिली, हातातला व्हीएचएफ रेडिओ संच. तो बोलताना ५ वॅट सोडतो, ओठांपासून चार बोटांवर, आणि त्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. दुसरी अधिक गंभीर. या बोटीवर लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ होता. त्याची अँटेना म्हणजे डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार, बॅकस्टे. त्यात १५० वॅट जातात. प्रसारण चालू असताना त्या तारेला किंवा तिच्याकडे जाणाऱ्या जोडवायरला हात लागला तर चटका बसतो, कातडी जळते. खालचा इन्सुलेटर डोक्याच्या वर होता हे बरं, पण जोडवायर कॉकपिटच्या कडेने उघडी वर गेली होती, नातीचा हात पोहोचेल अशी. रडारचा वाद चालू असताना ही वायर वर्षानुवर्षं तिथेच होती. तिच्यावर जाड नळी चढवणं हे या प्रकरणातलं सुरक्षेचं सगळ्यात उपयोगी काम ठरलं, असं माझं मत आहे.

पेसमेकरच्या बाबतीत मात्र मी हिशेब मांडायला नकार दिला. लहरींची तीव्रता ऊतींसाठी सुरक्षित असणं वेगळं आणि एखाद्या उपकरणाने त्या ठोक्यांचा चुकीचा अर्थ न लावणं वेगळं. शिवाय मॅग्नेट्रॉनमध्ये जोरदार कायमचुंबक असतो. त्यामुळेच होकायंत्रही या डब्यापासून ठरावीक अंतरावर ठेवायचं असतं. भावाने रडारचं पुस्तिकेतलं पान घेऊन आपल्या डॉक्टरांना आणि पेसमेकर बनवणाऱ्यांना विचारावं आणि तोवर डबा हाताळू नये, इतकंच सांगितलं.

आता खरा जागेचा विचार

किरणांचा प्रश्न बाजूला झाल्यावर उरला तो बोट चालवण्याचा प्रश्न, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे.

आधी पल्ला. रडारचं क्षितिज सागरी मैलांत काढायचं तर अँटेनाच्या पाण्यापासूनच्या उंचीचं वर्गमूळ, मीटरमध्ये, २.२ ने गुणायचं. लक्ष्याच्या उंचीचंही तसंच, आणि दोन्ही मिळवायचे. खांबावर अँटेना पाण्यापासून ४ मीटर, म्हणजे ४.४ मैल. डोलकाठीवर ८ मीटर, म्हणजे ६.२ मैल. १६ मीटर उंचीचं जहाज स्वतःचे ८.८ मैल घेऊन येतं. खांबावरून ते तेरा मैलांवर क्षितिजाच्या वर येतं, डोलकाठीवरून पंधरावर. हा दोन मैलांचा फरक कशासाठी हवा? टक्कर टाळायला सहा-आठ मैल आधी कळलं तरी भरपूर वेळ मिळतो. लहान लाकडी होडी तर क्षितिजाच्या आत असूनही दिसत नाही, कारण तिच्याकडून परत येणारा प्रतिसादच क्षीण असतो, आणि तिथे उंची कामाला येत नाही. उलट अँटेना उंच गेली की लाटांवरून परतणाऱ्या नको त्या ठिपक्यांचा कचरा पडद्यावर जास्त दूरपर्यंत पसरतो आणि बोटीजवळचा आंधळा पट्टाही वाढतो: ४ मीटरवर सुमारे १८ मीटर, ८ मीटरवर ३६.

वजनाचा मुद्दा लोक फार ताणतात, असं मला वाटतं. डबा, पट्टी आणि केबल मिळून दहा किलो आठ मीटरवर नेले तर बोट वीस अंश कलल्यावर त्यांचा लोटणारा परिणाम २७ किलोग्रॅम-मीटर होतो. खांबावर तो निम्मा होईल असं वाटतं, पण खांबाचं स्वतःचं वजन आणि वरच्या झुलत्या बैठकीचं वजन धरलं तर तो २२ पर्यंत जातो. सहा टनांच्या बोटीला हा फरक जाणवत नाही. वजनापेक्षा मला पुढच्या शिडाची चिंता जास्त होती. या बोटीचं पुढचं शीड मोठं, डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं. दर वेळी दिशा बदलताना ते डोलकाठीच्या पुढच्या बाजूवरून घासत पलीकडे जातं. तिथे डबा असता तर शीड त्यावर अडकलं असतं, फाटलं असतं, किंवा डब्याला वेठीला धरलं असतं. त्यासाठी लोखंडी कुंपण लावतात, पण मग त्याच कुंपणात दोर अडकतात.

आणि कलणं. शिडाची बोट वाऱ्याला घेऊन चालते तेव्हा पंधरा-वीस अंश कललेलीच असते, तासन् तास. घट्ट बसवलेला डबा तिच्याबरोबर कलतो. वीस अंश कलल्यावर खालच्या बाजूच्या झोताची वरची कड क्षितिजाच्या साडेसात अंश खाली जाते, म्हणजे मुख्य झोत बोटीपासून तीस मीटरच्या आत पाण्यात बुडतो. वरच्या बाजूला तो आकाशात जातो: एका मैलावर त्याची खालची कड पाण्यापासून सुमारे २४० मीटर वर असते, कुठल्याही जहाजाच्या माथ्यावरून. मोठं जहाज कडेच्या क्षीण भागातूनही दिसू शकतं, पण दिसेलच असा भरवसा नाही. पुढे आणि मागे चित्र ठीक राहतं, दोन्ही कुशींना ते लंगडं होतं. आणि आपली वाट आडवी कापणारी जहाजं कुशीकडूनच येतात. माझ्या मते शिडाच्या बोटीवर रडार बसवताना हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम सांगतो की अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवर, अनुमान काढू नये. कललेल्या बोटीवरचा रिकामा पडदा ही तशीच अपुरी माहिती आहे.

याला उत्तर म्हणजे झुलती बैठक. डबा एका आडव्या आसावर टांगलेला असतो, बोट कलली तरी तो सपाट राहतो, आणि लाटेबरोबर हेलकावू नये म्हणून त्याला तेलाचा दामक असतो. डोलकाठीवरही अशा बैठका बसतात, पण तिथे झुलायला जागा लागते आणि पुन्हा तेच शीड आडवं येतं.

झुलत्या बैठकीने किरणांचा हिशेब बदलतो का, हे मालकीणबाईंनी आपणहून विचारलं. बदलतो, थोडा. घट्ट डब्याचा झोत डेकच्या संदर्भात कायम तिथेच राहतो. झुलत्या डब्याचा झोत क्षितिजाला धरून राहतो आणि बोट त्याच्याखाली फिरते. म्हणून वाऱ्याकडच्या कडेला बसलेली माणसं झोताच्या जवळ उचलली जातात. खांब डाव्या कोपऱ्यात असताना उजवी कड वर असेल, तर तिथे बसलेल्या माणसाचं डोकं डब्यापासून अडीच मीटर बाजूला आणि १.९ मीटर खाली येतं. आधीचा ३७ अंशांचा कोन वीस अंश कलल्यावर १७ होतो. साडेबाराच्या बाहेरच, पण पूर्वीइतकं दूर नाही. आत आला असता तरी तीन मीटरवर सरासरी ०.०४ वॅट. हा आकडा त्यांनी स्वतः काढला.

काय केलं

खांब मागच्या डाव्या कोपऱ्यात, ७६ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा. डेकखाली जाड आधारपट्टी, आणि मागच्या कठड्याला दोन तिरपे टेकू. टेकूंशिवाय खांब इंजिनच्या थरथरीने डोलतो आणि बैठकीचे बोल्ट ढिले होतात. बॅकस्टे हीच एचएफची अँटेना असल्यामुळे खांब तिच्यापासून जमेल तितका लांब ठेवला. ॲल्युमिनियमला लागणाऱ्या प्रत्येक स्टीलच्या बोल्टखाली अलग ठेवणारा लेप. खाऱ्या पाण्यात स्टीलच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. केबल खांबाच्या आतून, खाली डेकमध्ये शिरण्याआधी तिला एक लोंबता वळसा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता वळशाच्या तळाशी गळून पडतं. जीपीएसची अँटेना आधी ज्या दांड्यावर होती तिथून ती खाली आणली, कारण ती झोताच्या ऐन पट्ट्यात येत होती.

डोलकाठी पुढे असल्यामुळे समोर आंधळा पट्टा पडेल, ही मालकांची शंका होती. पडतो, पण नगण्य. डोलकाठी पंधरा सेंटिमीटर रुंद आणि सहा मीटर दूर. अँटेना तिच्या जवळजवळ तिप्पट रुंद, त्यामुळे ती डोलकाठीच्या दोन्ही कडांनी पलीकडचं पाहते. डबा डोलकाठीलाच चिकटवला असता तर त्याच्या मागचा पट्टा मात्र चांगलाच अंधारला असता, आणि मागून गाठणारं जहाज त्याच पट्ट्यातून येतं.

वीज हा शेवटचा अडथळा होता. हे यंत्र प्रसारण करताना १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतं, म्हणजे पूर्ण रात्र सलग चालवलं तर तीस अँपिअर-तास. दोघांची बॅटरी हे रोज देऊ शकत नव्हती. ठरावीक वेळाने जागं होऊन काही फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा झोपायचं, अशी सोय यंत्रात होती. दर दहा मिनिटांनी एक मिनिट असं लावलं. विजेचा खर्च बराच उतरला, आणि सरासरी उत्सर्गही साहजिकच दहाव्या भागावर आला, जरी त्याची कुणाला गरज उरली नव्हती.

आधुनिक रडार घेतलं असतं तर हा वाद झालाच नसता, असं मालक नंतर म्हणाले. अर्धवाहकांवर चालणाऱ्या नव्या डब्यांवर वीस ते पन्नास वॅट लिहिलेलं असतं, त्यामुळे ते सौम्य वाटतात. पण त्यांचे ठोके कितीतरी लांब असतात, म्हणून सरासरी शक्तीतला फरक डब्यावरच्या आकड्यांइतका प्रचंड नसतो. त्यांचे खरे फायदे वेगळे: कमी वीज, तापायला वेळ न लागणं, अगदी जवळचं स्पष्ट दिसणं. आणि दुरुस्तीसाठी डबा उघडला तर आत हजारो व्होल्ट नसतात. जुन्या डब्यात ते असतात, यंत्र बंद केल्यावरही काही काळ. लहान बोटीच्या रडारने जीव जायचा असेल तर तो त्यानेच जाईल. म्हणून या डब्याच्या आतल्या बाजूला 'मालकांनी उघडू नये' अशी पट्टी चिकटवली. बाहेर लावली असती तर त्यांना उघडावंसं वाटलं असतं.

ब्रेकरजवळ मालकीणबाईंनी स्वतःच्या अक्षरात तीन ओळींचा कागद लावला आहे: कुणी डोलकाठीवर किंवा खांबापाशी चढत असेल तर ब्रेकर पाडा. धक्क्याला लागल्यावर रडार प्रसारणाबाहेर ठेवा. एचएफवर बोलण्याआधी मागच्या तारेजवळ कुणी नाही ना ते पाहा. दुसऱ्या ओळीचं कारण शेजारची बोट. तिचं वरचं डेक उंच आहे आणि तिथे चहाला बसणाऱ्यांची डोकी बरोबर या डब्याच्या उंचीला, अडीच मीटरवर येतात. हिशेबाने त्यांच्यावर सरासरी ०.०६ वॅट पडेल. त्यांना कुणी हा हिशेब समजावून सांगितलेला नाही, म्हणून रडार बंदच ठेवायचं, असं मालकीणबाईंनी ठरवून टाकलं.